पडद्याला पडलेलं भोक

आटपाडी भागातल्या आमच्या गावात १९७० च्या सुमाराला शिवणयंत्रं तीन होती आणि कॅमेरा एक. त्या तीनपैकी एक यंत्र आणि तो एकुलता एक कॅमेरा, दोन्ही आमच्याच घरात. अण्णा शिंपी. दिवसभर यंत्रावर बसायचे आणि कुणी बोलावलं तर खुंटीवरचा कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचे. बारसं, लग्न, नवी बैलजोडी, कुणाचा पोरगा फौजेत भरती झालेला, असं काहीही असो. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथं तर माणसं स्वतःचा फोटो नको म्हणायची, पण खोंडाचा काढून घ्यायची.

कॅमेरा आणला होता मामानं. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. खानापूर-आटपाडीचा गलाईवाला भेटला नाही असं मोठं शहर हिंदुस्थानात शोधून काढावं लागेल. मामा कलकत्त्याला. तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याला हा कॅमेरा मिळाला आणि १९६९ च्या दिवाळीला तो त्यानं अण्णांच्या हातात ठेवला. "दाजी, रशियाचा हाय. लोखंडागत हाय, पडला तरी फुटायचा न्हाई." एवढी एकच माहिती त्याच्याकडं होती.

कॅमेऱ्याचं नाव झोर्की-४. रशियन भाषेत झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. हे मला फार पुढं कळलं, आणि त्याच्या मागची हकिकतही. जर्मनीत वेट्झलार गावी लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाच्या कारागिरानं सिनेमाच्या फिल्मवर चालणारा लहानसा कॅमेरा तयार केला. तो लायका या नावानं १९२५ साली बाजारात आला. १९३२ च्या लायकात रेंजफाइंडर बसवला, म्हणजे वस्तू किती लांब आहे ते डोळ्यानं जुळवून घ्यायची सोय केली. त्या कॅमेऱ्याची हुबेहूब नक्कल १९३४ पासून सोव्हिएत देशात खारकीव्हला होऊ लागली. ती करणारी होती बेवारस पोरं. यादवी युद्धात आणि दुष्काळात आईबाप गमावलेल्या, रस्त्यावर भटकणाऱ्या पोरांसाठी तिथं एक वसाहत काढलेली होती आणि माकारेंको नावाचे शिक्षक ती चालवत. पोरं आधी विजेवर चालणारी भोकं पाडायची यंत्रं बनवायला शिकली, मग कॅमेरा. त्या कॅमेऱ्याचं नाव फेड. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात तोच कॅमेरा होऊ लागला, तो झोर्की. त्यात सुधारणा होत होत १९५६ मध्ये झोर्की-४ निघाला. १९७३ पर्यंत तो बनत राहिला.

अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना कॅमेरा कळला तो शिंप्याच्या बाजूनं. यंत्र जसं खोलून, तेल देऊन, परत जोडून समजून घ्यायचं, तसं. एकदा रोल संपल्यावर त्यांनी मागचं झाकण काढून मला आत दाखवलं. काळं कापड. रबर दिलेलं, पातळ, रेशमागत.

"दोन पडदे हायत बघ," अण्णा म्हणाले. "एक पुढं पळतो, दुसरा त्याच्या मागनं. दोघांच्या मधी जी फट राहती, तेवढाच उजेड आत जातो. फट मोठी तर उजेड जास्त, फट बारीक तर कमी."

दोन बैलगाड्या एकाच चालीनं एकामागं एक जाव्यात, तसं ते. मागची गाडी लगेच निघाली तर मधलं अंतर कमी, थांबून निघाली तर जास्त. एक सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतचा सगळा हिशेब त्या अंतरात. दोन्ही पडदे आपापल्या रुळावर गुंडाळलेले असतात आणि रुळात स्प्रिंग. चावी भरली की दोन्ही पडदे एका बाजूला ओढले जातात, चाप दाबला की सुटतात.

या कॅमेऱ्याची एक सक्त अट होती. वरची चकती फिरवून आकडा बदलायचा, तर आधी चावी भरलेली पाहिजे. चावी न भरता आकडा फिरवला तर आतली कळ मोडण्याची भीती. अण्णांनी ते मला पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. "आधी चावी, मग आकडा." मी नऊ-दहा वर्षांचा होतो. रेंजफाइंडरच्या भोकातून बघायला मला फार आवडायचं. समोरचं माणूस दोनदा दिसायचं, एक पक्कं आणि एक भुतासारखं फिकट. भिंग फिरवत गेलं की भूत सरकत सरकत माणसात मिसळायचं. "दोघं एक झाले की चाप दाब," अण्णा म्हणायचे. पण चाप दाबू द्यायचे नाहीत. रोल महाग. मामा कलकत्त्याहून ऑर्वोचे रोल धाडायचा, कधी उटीला होणारे इंदूचे. छत्तीस फोटोंचा एक रोल महिनाभर पुरवायचा, असा आमच्या घरचा कायदा होता.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्यावर आमच्या पिढीनं पुष्कळ सांगितलं आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. विहिरी आटल्या. जनावरं बाजारात मातीमोल गेली. तांबडी मिलो रेशनवर मिळायची. त्याच वर्षी सरकारनं रोजगार हमीची कामं काढली आणि अर्धं गाव खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या बांधावर जाऊ लागलं. शिवायला कपडे येईनात, म्हणून आमची आईही टोपलं घेऊन तलावावर गेली. पोरांना तिथं सुकडी मिळायची, त्यामुळं आम्हीही मागं. अण्णा अधूनमधून कॅमेरा घेऊन येत. कामावरच्या मुकादमाला आपल्या टोळीचा फोटो हवा असायचा. पैसे मिळतीलच असं नाही. पण अण्णा म्हणायचे, "असली माणसं एका जागी परत कवा दिसायची?"

१९७३ चा चैत्र. टळटळीत दुपार. अण्णा मुकादमाशी बोलत उभे होते आणि कॅमेरा त्यांनी माझ्याजवळ दिला होता. मी भिंगावरचं टोपण काढलं आणि भुताचा खेळ सुरू केला. आधी बांधावरच्या बाया, मग लांबचा डोंगर. तेवढ्यात सुकडीची हाळी आली. मी कॅमेरा दगडावर ठेवला, भिंग आभाळाकडं करून, आणि पळालो. टोपण माझ्या मुठीतच.

लहानपणी चष्म्याच्या भिंगानं कागद कुणी जाळला नाही? कॅमेऱ्याचं भिंगही भिंगच. लांबच्या डोंगरावर जुळवलेलं भिंग सूर्यावरही बरोबर जुळतं. आरशाचे कॅमेरे असतात त्यात भिंगामागं आरसा आडवा येतो, पण या जातीच्या कॅमेऱ्यात भिंग आणि कापडी पडदा यांच्यामध्ये काहीच नसतं. सूर्याचं टाचणीच्या डोक्याएवढं चित्र सरळ पडद्यावर पडतं आणि कापड जळतं. त्याला फार वेळ लागत नाही. मी सुकडी खाऊन, हात चड्डीला पुसून परत आलो. कॅमेरा होता तसाच होता. टोपण बसवलं. कुणी बघितलं नव्हतं.

पुढचा रोल धुतला तेव्हा प्रत्येक फोटोत वर उजव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका. एकाच जागी. कुठं ठसठशीत, कुठं पुसट. गावातली माणसं हसली. "शिंप्या, तुज्या फोटोत दिवसाबी चांदोबा उगवतोय की!" अण्णाही हसले. विचारणाऱ्याला म्हणाले, "कापड जुनं झालंय, विरलंय."

ते ऐकून माझ्या जिवात जीव आला. तरी काय झालं असावं याचा अंदाज मला होता. मी बोललो नाही.

वैशाखात शेजारच्या गावचं एक लग्न होतं. दुष्काळातली लग्नं, चार माणसांत उरकलेली. पण वरपक्षाला फोटो हवे होते, इसार दिला होता. सगळ्या घरादाराला ओळीत उभं केलेल्या फोटोत तो ठिपका नेमका उजव्या कडेला उभ्या असलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर बसला. त्या घरानं तो अपशकुन मानला. फोटो घेतले नाहीत, इसार परत मागितला. अण्णांनी तो दोन हप्त्यांत फेडला आणि लग्नाचं काम घेणं सोडून दिलं. त्या उन्हाळ्यात इसाराच्या पैशाला किती मोल होतं हे मला आईच्या तोंडाकडं बघून कळलं.

गंमत अशी की अण्णा कापडाचे जाणते. धोतराला काटा लागून फाटलं तर असं रफू करायचे की सूर्याकडं धरून बघावं लागायचं. पण या पडद्याला सुई चालत नाही. टाका घातला की कापड जाड होतं, रुळावर नीट गुंडाळत नाही, आणि टाक्याच्या भोकातनं पुन्हा उजेड येतो. गावभराची भोकं बुजवणाऱ्या माणसाला घरातलं एक भोक बुजवता येईना.

दिवाळीच्या आधी अण्णा विट्याला गेले आणि मला बरोबर नेलं. तिथं एक म्हातारे घड्याळजी होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांनी डोळ्याला भिंग लावून पडदा पाहिला, पलीकडं दिवा धरला. आणि अण्णांना एक गोष्ट समजावून सांगितली. चाप दाबल्यावर फोटोवर दुसरा पडदा येऊन उभा राहतो आणि भोक त्या दुसऱ्या पडद्याला आहे. चावी भरेपर्यंत फोटोवर त्या भोकातून उजेड पडतच राहतो. म्हणून जिथं अण्णांनी चावी भरायला उशीर केला तिथं ठिपका ठसठशीत, लगेच भरली तिथं पुसट. "चाप दाबला की चावी भरा. मात्र भरलेली रात्रभर ठेवू नका, स्प्रिंग दमते."

मग त्यांनी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन घेतलं, त्यात दिव्याची काजळी खलली आणि काडीच्या टोकानं भोकावर थेंब लावला. वाळल्यावर दुसरा थेंब. ठिपका गेला. पण दुसरं दुखणं आलं. तो थर जाड झाला, पडदा जड झाला. दुसरा पडदा पहिल्याच्या मागं पडू लागला, त्यामुळं मधली फट जाता जाता रुंदावू लागली. फोटोची एक कड कायम जास्त उजेडाची, फिकट येऊ लागली. कडक उन्हात, बारीक फटीवर तर फारच. अण्णांनी आणखी पाच-सहा वर्षं तसंच चालवलं आणि मग कॅमेरा पेटीत गेला.

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी गावच्या शाळेनं दुष्काळातल्या फोटोंचं प्रदर्शन करायचं ठरवलं आणि माझ्याकडं अण्णांचे फोटो मागितले. पेटीतून अडीचशेच्या आसपास निघाले. पण मागं तारीख कुणाच्याच नव्हती. कुठला फोटो दुष्काळाच्या आधीचा, कुठला नंतरचा, कसं सांगायचं? म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर प्रत्येकाचं साल वेगळं.

आठ दिवस ते फोटो मांडून बसल्यावर एकदम ध्यानात आलं की तारखा फोटोंवरच आहेत. दुष्काळात फोटो धुवायला पाणी कुठलं? हायपोतून काढलेला कागद वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवावा लागतो, नाहीतर औषध कागदात राहतं आणि पुढं तो पिवळा पडतो. अण्णा ते एका घमेल्यात उरकत, आणि तेच पाणी पुढं परसातल्या लिंबाच्या झाडाला. म्हणजे पिवळा फोटो तो दुष्काळातला. पिवळा पण बिनठिपक्याचा, तो चैत्राच्या आधीचा. पिवळा आणि ठिपक्याचा, तो चैत्र ते पाऊस यांच्या मधला. कागद स्वच्छ पण ठिपका आहे, तो पाऊस पडल्यापासून दिवाळीपर्यंतचा. आणि कड फिकट असलेला, तो तात्यांच्या थेंबाच्या नंतरचा. माझ्या हातून पडलेल्या भोकानं गावाचं पंचांग लिहून ठेवलं होतं.

आणि त्यातच आणखी एक गोष्ट दिसली. वैशाखातल्या त्या लग्नानंतरच्या फोटोंमध्ये अण्णांनी उजवा वरचा कोपरा रिकामा ठेवलेला आहे. माणसं डावीकडं सरकवलेली आणि त्या कोपऱ्यात नुसतं आभाळ. पांढऱ्या आभाळावर पांढरा ठिपका दिसत नाही. आईचा तलावावरचा एक फोटो आहे, डोक्यावर टोपलं, पदर खोचलेला. घरात आम्ही सगळे म्हणायचो, केवढं मोकळं आभाळ घेतलंय अण्णांनी! ते आभाळ का घेतलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. निरखून पाहिलं तर त्यात ठिपका आहे.

तेव्हा ठरवलं, पडदा बदलायचा. मुंबईला फोर्टात बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथं विचारलं. एका कारागिरानं कॅमेरा हातात घेतला, कानाशी धरून चाप दाबला आणि म्हणाला, "तुम्ही स्वतःच करा. घाई नसेल तर जमेल." रबर दिलेलं काळं रेशमी कापड कुठं मिळेल ते त्यानं सांगितलं. मी शिंप्याचा पोरगा, नोकरीत होतो तरी कात्री हातात बसलेली. हिवाळाभर तेच काम केलं.

आधी तळाशी असलेले ताणाचे स्क्रू सोडायचे आणि किती फेरे सुटले ते मोजून लिहायचं. मग भिंग बसतं ती कडी काढायची. तिच्याखाली कागदाच्या पातळ चकत्या असतात. भिंग आणि फिल्म यांच्यातलं अंतर त्यांच्यावर ठरलेलं असतं, म्हणून त्या जशा निघाल्या तशाच परत बसल्या पाहिजेत, नाहीतर रेंजफाइंडरमध्ये माणूस जुळतो आणि फोटोत पुसट येतो. वरचं झाकण, मग आतला सांगाडा. जुना पडदा काढण्याआधी फिती कुठं चिकटल्यात, कडेची धातूची पट्टी कुठं आहे, सगळं कागदावर उतरवून घ्यायचं. नवा पडदा कापताना एक केसभर तिरपा गेला तरी तो रुळावर तिरपाच चालणार. माझे पहिले दोन वाया गेले. तिसरा बसला. चिकटवून रात्रभर वाळू दिला, सकाळी मोजलेले फेरे परत दिले.

चाल बरोबर आहे का ते बघायला जुन्या पद्धतीचा, मागं पोट असलेला टीव्ही शेजाऱ्याच्या माळ्यावरून उतरवला. मागचं झाकण काढून भिंगातून त्या टीव्हीकडं बघत चाप दाबायचा. टीव्हीचं चित्र वरून खाली एकेक रेघ काढत जातं आणि पडदा आडवा पळतो, त्यामुळं डोळ्याला उजेडाचा तिरका पट्टा दिसतो. पट्टा सरळ आणि एकसारख्या रुंदीचा असेल तर पडदे एका चालीत. वाकला किंवा रुंदावला तर एक मागं पडतोय. पाव-पाव फेरा ताण देत देत तो पट्टा सरळ केला. तीन संध्याकाळी गेल्या.

जुना पडदा टेबलावर होता. तात्यांचा काजळीचा थर वाळून टणक झाला होता. नखानं उचलला तर निघून आला आणि खालचं भोक दिसलं. विरलेल्या कापडाचं भोक कसं असतं ते मला माहीत आहे. धागे सुटतात, कड पिंजते. हे तसं नव्हतं. गोल, आणि कड करपून आत वळलेली. इस्त्रीतला निखारा कापडावर पडला की पडतं तसं.

म्हणजे अण्णांना कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं असणार. जन्मभर कोळशाच्या इस्त्रीशी काम केलेला माणूस जळलेलं कापड आणि विरलेलं कापड यात फसेल कसा? कापड विरलंय, असं ते लोकांना सांगत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

फोटोंचा हिशेब अण्णा एका वहीत ठेवत, ती यंत्राच्या खणात होती. रोल कधी घातला, कुणाचे किती पैसे आले, एवढंच. प्रदर्शनाच्या वेळी ती मला सापडली नव्हती. कॅमेऱ्यासाठी बारीक पेचकस शोधताना मिळाली. १९७३ च्या चैत्राचं पान काढलं. रोलच्या नोंदीखाली बाळबोध अक्षरात एक ओळ होती. "पडदा उन्हाने जळाला. टोपण लावायचे माझ्याकडून राहिले."

मी ती ओळ बराच वेळ बघत बसलो. कॅमेरा पोराच्या हातात दिला ते आपणच, असा त्यांचा हिशेब असेल. का कधी काळी माझ्या हातात ही वही पडेल, म्हणून? विचारायला आता कुणी नाही.

कॅमेरा चालतो. पहिला रोल पाझर तलावावर जाऊन काढला. तलावात गाळ पुष्कळ आहे, पण पाणी धरतो अजून. फोटो धुऊन आले. ठिपका नाही, कडा सारख्या. जुना पडदा कागदात गुंडाळून त्या पानात ठेवला आहे. अण्णांच्या ओळीखाली जागा होती. तिथं मी लिहिलं, "पडदा नवा घातला. टोपण माझ्या मुठीत होते."